रुळांकाठचे लाकडी समाजमंदिर कोणाचे?

रशियाच्या अतिपूर्वेकडे जाणाऱ्या लोहमार्गांवर गेल्या काही वर्षांत मालगाड्यांची गर्दी प्रचंड वाढली आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले, युरोपची बाजारपेठ एकामागून एक बंद होत गेली आणि मॉस्कोने आपला व्यापार चीनकडे व पॅसिफिक किनाऱ्यावरील बंदरांकडे वळवला. त्याचा भार ट्रान्स-सायबेरियन आणि त्याच्या उत्तरेकडून जाणारा बैकाल-अमूर या दोन मार्गांवर येऊन पडला. या दोन्ही मार्गांची मिळून वार्षिक वहनक्षमता २०२४ पर्यंत सुमारे १८ कोटी टनांवर नेण्यात आली. याच वर्षी बैकाल-अमूर मार्गाच्या, म्हणजे रशियनांच्या भाषेतील ‘बाम’च्या, निर्णायक बांधकाम पर्वाला ५० वर्षे पूर्ण झाली. गौरवाची भाषणे झाली, पदके वाटली गेली. मात्र ज्या वस्त्यांनी हा मार्ग उभा केला आणि आजही राखला आहे, त्या वस्त्यांतील माणसांना एकत्र बसायला, शिकायला, डॉक्टरला दाखवायला धड जागा आहे का, हा प्रश्न भाषणांच्या गजरात मागेच राहिला.

या प्रश्नावर एक उत्तर वास्तुरचनाकारांना सतत खुणावत असते. कारखान्यात तयार केलेले लाकडाचे सुटे घटक रेल्वेच्याच वाघिणीतून आणायचे, स्थानकाजवळ काही दिवसांत जोडायचे आणि त्यातून वाचनालय, दवाखाना, मुलांची खोली, सभागृह असे काहीही उभे करायचे. कल्पना सुटसुटीत आहे आणि तंत्रदृष्ट्या आज पूर्णपणे शक्यही आहे. परंतु बामच्या काठावर लाकडाच्या सुट्या घटकांचा एक प्रचंड प्रयोग अर्ध्या शतकापूर्वीच होऊन गेला आहे. त्याचे काय झाले, हे पाहिल्याशिवाय नवा आराखडा कागदावर उतरवणे धोक्याचे ठरेल.

‘तात्पुरत्या’ची पन्नाशी

ताइशेतपासून पॅसिफिक किनाऱ्यावरील सोवेत्स्काया गावानपर्यंत जाणारा हा मार्ग सुमारे ४,३०० किलोमीटर लांबीचा आहे. मुंबई ते दिल्ली या लोहमार्गाच्या तिपटीहून अधिक. त्याचा इतिहास सुखाचा नाही. १९३० च्या दशकात त्याचे पहिले काम कैद्यांच्या श्रमांवर सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, टिंडाकडे जाणाऱ्या फाट्याचे रूळ उखडून व्होल्गाकाठी स्टालिनग्राडच्या आघाडीसाठी नेण्यात आले. युद्धानंतर पश्चिमेकडील टप्प्यावर जपानी युद्धकैदी राबले. पुढे ८ जुलै १९७४ च्या सरकारी निर्णयाने काम नव्याने सुरू झाले आणि कोमसोमोल या युवक संघटनेचे हजारो तरुण तैगाच्या जंगलात उतरले. १९८४ मध्ये पूर्व आणि पश्चिमेकडून आलेले रूळ एकमेकांना भिडले. १५ किलोमीटरहून अधिक लांबीचा सेवेरोमुइस्क बोगदा खुला व्हायला मात्र २००३ साल उजाडले.

या तरुणांना राहायला घरे हवी होती आणि ती लगेच हवी होती. तयार फळ्यांच्या भिंतींची बैठी घरे, लाकडी बराकी, चाकांवरच्या खोल्या, पिंपासारखी पत्र्याची निवासस्थाने असे जे मिळेल ते उभे राहिले. गंमत अशी, की बांधकाम करणाऱ्या तुकड्यांना अधिकृत नावच ‘बांधकाम-जुळणी गाडी’ असे होते. गाडी पुढे जाईल, तशी वस्तीही पुढे सरकेल, हे त्यात गृहीत होते. मागे राहणाऱ्यांसाठी पक्की शहरे बांधायची होती आणि ती सोव्हिएत संघातील वेगवेगळ्या प्रजासत्ताकांनी व शहरांनी वाटून घेतली होती. टिंडा मॉस्कोने, सेवेरोबैकाल्स्क लेनिनग्राडने, निया जॉर्जियाने, किचेरा एस्टोनियाने, अलोन्का मोल्दोव्हाने. त्यामुळे आजही या मार्गावर प्रत्येक स्थानकाचा चेहरा निराळा दिसतो.

पुढे सोव्हिएत संघच विसर्जित झाला. बांधकाम तुकड्या बंद पडल्या किंवा त्यांचे खासगीकरण झाले. पक्क्या घरांचे वचन अर्धवट राहिले आणि ‘तात्पुरत्या’ वस्त्यांत माणसे राहतच राहिली. काही वर्षांसाठी बांधलेल्या लाकडी घरांत दोन-दोन पिढ्या वाढल्या. मोडकळीला आलेल्या घरांतून रहिवाशांना हलवण्याचे सरकारी कार्यक्रम एकामागून एक जाहीर झाले, लांबले, पुन्हा जाहीर झाले. दुसरीकडे मार्गाची राजधानी म्हणवल्या जाणाऱ्या टिंडाची लोकसंख्या १९८९ च्या जनगणनेत साठ हजारांच्या घरात होती. ती आज जवळपास निम्म्यावर आली आहे. एकीकडे मोठाल्या काँक्रीटच्या इमारती माणसांविना ओस, तर दुसरीकडे कुजत चाललेल्या लाकडी घरांत माणसे, असे हे विचित्र चित्र आहे.

या चित्राचा ठपका सहजपणे लाकडावर ठेवला जातो. तो अन्यायाचा आहे.

दोष लाकडाचा नव्हता

बामच्या परिसरात हिवाळ्यात तापमान उणे ४० अंशांखाली जाते. मार्गाचा मोठा भाग कायम गोठलेल्या जमिनीवरून जातो. अशा जमिनीवर इमारत थेट टेकवली, तर आतल्या उबेने खालचा बर्फ वितळतो, जमीन खचते आणि भिंतींना तडे जातात. म्हणून इमारत खांबांवर उचलून घ्यावी लागते, म्हणजे तिच्या पोटाखालून थंड वारा खेळता राहतो. इमारत जितकी हलकी, तितके हे काम सोपे. एक घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे २,४०० किलो भरते, तर देवदाराच्या जातीच्या कोरड्या लाकडाचे ५०० किलोच्या आसपास. भूकंपाच्या दृष्टीनेही हलकेपणा मोलाचा ठरतो. याच पट्ट्यात १९५७ मध्ये मुया खोऱ्याला साडेसातहून अधिक तीव्रतेच्या भूकंपाने हादरवले होते. शिवाय लाकूड काँक्रीटच्या तुलनेत दहापटीहून अधिक उष्णतारोधक आहे. या प्रदेशात विपुल वाढणारा लार्च वृक्ष तर ओलाव्याला चिवटपणे तोंड देणारा म्हणून ओळखला जातो.

मग घरे कुजली का? त्याचे कारण बांधणीत आणि देखभालीत सापडते. आतली उबदार, दमट हवा भिंतीच्या फटींतून बाहेर जाऊ पाहते. वाटेत थंड फळी भेटली, की तिथेच तिचे पाणी होते आणि सांध्यात मुरते. घर पाच वर्षांसाठी बांधले, तर हे खपून जाते. पन्नास वर्षे राहायचे असेल, तर बाष्परोधक थर, कोरडे लाकूड आणि दर काही वर्षांनी सांध्यांची तपासणी या गोष्टी टाळता येत नाहीत. ‘तात्पुरते’ या शब्दाने या सर्वांपासून सुटका करून दिली होती. ज्याचे आयुष्य कागदावर संपले आहे, त्याच्या दुरुस्तीसाठी कोणत्याही खात्याच्या अंदाजपत्रकात तरतूद नसते.

आगीची भीतीही रास्त आहे, पण तिचे उत्तर आहे. पातळ फळी भडकते. जाड तुळई मात्र बाहेरून कोळसते आणि तो कोळशाचा थर आतल्या भागाचे काही काळ रक्षण करतो. जळण्याचा वेग मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास धरून अभियंते तुळईची जाडी ठरवतात. फळ्यांचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवून केलेले जाड लाकडी फलक १९९० च्या दशकात ऑस्ट्रिया आणि जर्मनीत विकसित झाले. २०१९ मध्ये नॉर्वेत चिकटवलेल्या लाकडाच्या सांगाड्यावर ८५ मीटर उंचीची इमारत उभी राहिली. असे फलक बनवणारा मोठा कारखाना २०२१ मध्ये रशियातही, व्होलोग्दा प्रांतातील सोकोल येथे, सुरू झाला. त्यानंतर १ जानेवारी २०२२ पासून रशियाने सूचिपर्णी वृक्षांच्या कच्च्या ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये युरोपीय संघाने रशियन लाकडाच्या आयातीवर बंदी जाहीर केली. थोडक्यात, लाकूड आहे, ते कापण्याची व जोडण्याची विद्या आहे आणि ते वाहून नेणारा लोहमार्ग तर दारातच आहे.

वाघिणीत मावेल तेवढी खोली

रेल्वेने नेता येईल अशी इमारत आखायची, तर पहिली अट रेल्वेच घालते. वीस फुटी कंटेनरची लांबी सुमारे सहा मीटर आणि रुंदी २.४४ मीटर असते. या मापाचा लाकडी घटक कोणत्याही मालधक्क्यावर उतरवता येतो, कारण तो उचलण्याची यंत्रे तिथे असतातच. असा एक घटक म्हणजे साधारण १५ चौरस मीटर. तीन शेजारी शेजारी ठेवले आणि मधल्या भिंती काढल्या, तर सुमारे ४४ चौरस मीटरची, म्हणजे पावणेपाचशे चौरस फुटांची जागा मिळते. मुंबईतील वन-रूम-किचनमध्ये राहणाऱ्याला हे माप चटकन कळेल. दीड-दोनशे लोकांच्या वस्तीसाठी एवढी उबदार जागा पुरेशी आहे. संपूर्ण वस्ती मावेल असे सभागृह बांधले, तर ते सहा-सात महिन्यांच्या हिवाळ्यात तापवण्याचा खर्चच वस्तीला पेलणार नाही.

इथे सुट्या घटकांच्या रचनेचा खरा फायदा दिसतो. या पद्धतीचे समर्थक नेहमी वेगाचे कौतुक करतात. इमारत तीन दिवसांत उभी राहिली, अशा बातम्या छापूनही येतात. परंतु पन्नास वर्षे वाट पाहिलेल्या वस्तीला तीन दिवस काय आणि तीन महिने काय, सारखेच. मोलाची गोष्ट ही, की अशी इमारत लहान करता येते. वस्ती वाढली, तर चौथा घटक जोडता येतो. शाळा बंद पडली, तरुण शहराकडे गेले, तर दोन घटक सोडवून पुढच्या स्थानकाला पाठवता येतात. एखादा कोपरा कुजला, तर तेवढाच बदलता येतो. सोव्हिएत नियोजनकारांनी शहरे फक्त वाढतील असे गृहीत धरले होते. ती आटलीही जाऊ शकतात, हे टिंडाने दाखवून दिले.

त्यासाठी मात्र सांधे उघडता येतील असे हवेत. चिकटवून बंद केलेल्या सांध्यांपेक्षा बोल्ट आणि कूस-खाचेचे सांधे हवेत. घटकांची मापे तीच ती असावीत, त्यांवर क्रमांक कोरलेले असावेत आणि गावातल्या सुताराला नेहमीच्या हत्यारांनी दुरुस्ती करता यावी. रशियाला हे नवे नाही. सतराव्या शतकात मॉस्कोच्या बाजारात ओंडक्यांची तयार घरे सुटी करून विकली जात आणि गिऱ्हाईक ती आपल्या जागेवर नेऊन उभी करी, असे जर्मन प्रवासी अॅडम ओलेआरिअसने नमूद करून ठेवले आहे. ओंडक्यांवर कुऱ्हाडीने खुणा केलेल्या असत, त्यावरून कोणता कुठे बसवायचा ते कळे. ज्या तैगातून बाम जातो, तिथले मूळचे रहिवासी असलेले एवेन्क लोक तर शतकानुशतके रेनडिअरच्या कळपांबरोबर फिरत आले. खांबांच्या सांगाड्यावर भूर्जाची साल किंवा कातडी टाकून उभारलेला त्यांचा निवारा हीही सुट्या भागांचीच वास्तू होती. सांगाडा जागेवर सोडून आच्छादन तेवढे सोबत न्यायचे, ही त्यातली अक्कल आजच्या आराखड्यांनीही घ्यावी. जमिनीत रोवलेले खांब आणि पाया कायमचा, वरचा घटक फिरता.

आणखी एक सोय या प्रदेशात आधीपासून आहे. ‘मात्वेय मुद्रोव’ नावाची रुग्णालय-गाडी अतिपूर्वेतील स्थानकांवर थांबत, तपासण्या आणि सल्ला देत फिरते. आपल्याकडे १९९१ पासून धावणाऱ्या ‘जीवनरेखा एक्सप्रेस’ची आठवण यावी. अशी गाडी येते तेव्हा वस्तीत उत्साह असतो. ती निघून गेली, की पुढचे औषध कोण देणार, दूरध्वनीवरून डॉक्टरशी कोण बोलणार, हा प्रश्न उरतो. फलाटाला लागून असलेली एक उबदार लाकडी खोली या फिरत्या सेवेचा स्थिर धागा होऊ शकते. गाडी असेल तेव्हा रुग्णांनी थांबण्याची जागा, नसेल तेव्हा परिचारिकेची खोली, संध्याकाळी वाचनालय.

किल्ली कोणाकडे?

तंत्र इथे संपते आणि खरा पेच सुरू होतो. ही खोली कोणाच्या मालकीची? जमीन रेल्वेची, इमारत पालिकेची, परिचारिका आरोग्य खात्याची आणि कोळशाचे बिल कोणाचेच नाही, अशी व्यवस्था झाली तर दुसऱ्या हिवाळ्यात दाराला कुलूप लागेल. १९९० च्या दशकात रशियातील सरकारी उद्योगांनी आपली घरे, बालवाड्या आणि क्लब मोठ्या प्रमाणावर पालिकांच्या गळ्यात घातले. पालिकांकडे ते चालवायला पैसे नव्हते. बामच्या वस्त्यांची परवड त्याच धोरणातून झाली.

महाराष्ट्रातील वाचकाला हे परके वाटू नये. आमदार-खासदार निधीतून बांधलेली समाजमंदिरे आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांतील किती रोज उघडतात, किती केवळ लग्नकार्याला आणि निवडणुकीला उघडतात, हे ज्याने त्याने आपल्या गावात जाऊन पाहावे. बांधकामासाठी निधी असतो, झाडणाऱ्यासाठी आणि दिवाबत्तीसाठी नसतो. इमारतीचे उद्‌घाटन करता येते, देखभालीचे करता येत नाही.

याच्या उलट उदाहरण जपानचे आहे. मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर वास्तुरचनाकार तोयो इतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तात्पुरत्या निवाऱ्यांच्या वसाहतींत ‘सर्वांचे घर’ या नावाने लहान लहान सामुदायिक वास्तू उभारल्या. त्यांतील बऱ्याच लाकडी होत्या. एक मोठे टेबल, स्वयंपाकाची जागा, शेगडी आणि बाहेर बसायला ओटा, एवढाच त्यांतील काहींचा पसारा. आराखडा करण्याआधी रहिवाशांशी बोलणे झाले होते आणि वापरही त्यांच्याच हाती राहिला. तात्पुरत्या वसाहती उठल्या, तेव्हा यांतील काही वास्तू सुट्या करून दुसरीकडे पुन्हा उभारण्यात आल्या. ‘तात्पुरते’ हा शब्द इथेही होता. फरक इतकाच, की हलवण्याची वेळ आली तेव्हा हलवा म्हणणारी आणि जपणारी माणसे हजर होती.

आक्षेप आणि त्याचे उत्तर

यावर एक आक्षेप व्यवहारी आहे. लोक सोडून चाललेल्या वस्त्यांवर खर्च करायचाच कशाला? रूळ टाकण्याचे आणि राखण्याचे काम आता पाळीवर येणाऱ्या मजुरांकडून करून घेता येते. काही आठवडे राबायचे, मग घरी परतायचे. रशियन भाषेत या पद्धतीला ‘वाख्ता’ म्हणतात. मार्गाच्या विस्ताराच्या कामावर हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर दिसते. शिवाय पैशाची चणचण आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये रशियाच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर २१ टक्क्यांवर नेला आणि रशियन रेल्वेला २०२५ च्या गुंतवणुकीला मोठी कात्री लावावी लागली. युद्धाचा खर्च भागवणाऱ्या सरकारकडून तैगातल्या वाचनालयाची अपेक्षा करणे भोळेपणाचे आहे, असे कोणी म्हटले तर ते चुकीचे नाही.

तरीही हा हिशेब अपुरा आहे. पाळीवरचा मजूर रूळ टाकू शकतो. उणे ४५ अंशांत मध्यरात्री सांधा गोठला, दरड आली, गाडी अडकली, तर धावून जाणारा माणूस जवळच राहणारा असावा लागतो. तो माणूस तिथे राहायचा, तर त्याच्या मुलांना शाळा, पत्नीला काम आणि आईवडिलांना औषध मिळायला हवे. सामुदायिक जागा ही या अर्थाने मार्गाच्या सुरक्षेचाच भाग आहे. १८ कोटी टन माल वाहणाऱ्या व्यवस्थेला पावणेपाचशे चौरस फुटांची खोली तापवण्याचा खर्च जड होऊ नये. रेल्वेने ती जागा दानधर्म म्हणून न देता सिग्नलच्या खांबासारखी मार्गाची गरज म्हणून धरली, तर तिच्या देखभालीची तरतूद आपोआप अंदाजपत्रकात येईल.

आपल्यासाठी

आपल्याकडे हा विषय अगदीच दूरचा नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये जंगले वाचवण्यासाठी सरकारी इमारतींतील लाकडाच्या वापरावर घातलेली बंदी २०२० मध्ये उठवली. ऑगस्ट २०२३ मध्ये अमृत भारत योजनेखाली ५०८ स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी एकाच दिवशी झाली आणि त्यात महाराष्ट्रातील ४४ स्थानके होती. कोकणच्या पावसात आणि वाळवीच्या राज्यात सायबेरियाचा नमुना जसाच्या तसा चालणार नाही. इथे कदाचित बांबू, कदाचित प्रक्रिया केलेले लागवडीचे लाकूड उपयोगी पडेल. पण स्थानकाच्या नव्या आराखड्यात आसपासच्या गावासाठी एखादी खोली आहे का, आणि असल्यास तिचे वीजबिल कोणत्या खात्यातून भरले जाणार आहे, हे दोन प्रश्न आपणही विचारायला हवेत.

बामच्या काठावर आता नवा आराखडा करायचाच असेल, तर त्याच्या पहिल्या पानावर चित्राऐवजी तीन नोंदी असाव्यात : जागेचा मालक कोण, ती रोज उघडणारा पगारी माणूस कोण आणि पुढच्या वीस वर्षांच्या इंधनाचे पैसे कुठून येणार. या तीन रकाने भरले गेले, की उरलेले काम सुताराला येते.